मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या वीजपुरवठ्याचे दोषनिदान

मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या वीजपुरवठ्याचे दोषनिदान म्हणजे आर्डुइनो, ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको यांसारख्या हौशी व शैक्षणिक वापराच्या बोर्डांना मिळणाऱ्या विजेत काही उणीव आहे का, हे ओळखण्याची आणि ती दूर करण्याची पद्धत होय. असा बोर्ड मधूनच बंद पडतो, पुन्हापुन्हा सुरू होतो, संगणकाला दिसत नाही किंवा संवेदकांची चुकीची मापे देतो, तेव्हा दोष प्रथम प्रोग्राममध्ये शोधला जातो. प्रत्यक्षात अशा अनेक तक्रारींचे मूळ अपुरा विद्युतदाब, अपुरा विद्युतप्रवाह, बारीक तारांतील रोध किंवा दाबनियामकाचे अतितापन यांत असते. हे दोष बहुधा क्षणिक असतात आणि साध्या मल्टिमीटरवर दिसत नाहीत. त्यामुळे त्यांचा शोध ठरावीक क्रमाने घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

आर्डुइनो प्रकल्पाची सुरुवात २००५ साली इटलीतील इव्रेया येथे झाली. २०१० साली आलेला आर्डुइनो उनो हा बोर्ड शिक्षणक्षेत्रात सर्वाधिक परिचित झाला. त्यानंतर वाय-फाय असलेले ईएसपी८२६६ व ईएसपी३२, तसेच जानेवारी २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हे स्वस्त बोर्ड लोकप्रिय झाले. भारतात २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेमुळे हे बोर्ड शाळांपर्यंत पोहोचले. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसह अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये असल्याने विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत या बोर्डांचा वापर नित्याचा आहे.

हौशी वापरात वीजपुरवठ्याचे प्रश्न अधिक येण्याचे कारण या वापराच्या स्वरूपातच आहे. कारखान्यात बनलेल्या उपकरणासोबत त्याच्यासाठीच निवडलेला ॲडॉप्टर मिळतो. हौशी प्रकल्पात मात्र बोर्ड एका ठिकाणचा, केबल जुन्या मोबाइलची आणि ॲडॉप्टर बंद पडलेल्या राउटरचा असू शकतो. शिवाय प्रकल्प जसजसा वाढतो, तसतसा त्याच पुरवठ्यावर एकेक नवा भार चढत जातो. नागपूरसारख्या शहरात उन्हाळ्यातील तीव्र उष्णतेचीही त्यात भर पडते.

वीजपुरवठ्याची रचना

बोर्डाला वीज देण्याचे मार्ग सामान्यतः तीन असतात : यूएसबी जोडणी, गोल ॲडॉप्टरची खाच आणि थेट वीज देण्याच्या पिना. या मार्गांची वागणूक सारखी नसते, म्हणून दोष शोधण्यापूर्वी वीज नेमकी कोणत्या मार्गाने येत आहे हे निश्चित करावे लागते.

आर्डुइनो उनोच्या तिसऱ्या आवृत्तीत गोल खाचेतून येणारी वीज प्रथम एका डायोडमधून आणि नंतर ५ व्होल्टच्या रेषीय दाबनियामकातून जाते. डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात आणि नियामकाला स्वतःच्या कार्यासाठी साधारण १.१ ते १.२ व्होल्ट अधिक दाब लागतो. त्यामुळे ५ व्होल्ट मिळवण्यासाठी खाचेत किमान ७ व्होल्ट द्यावेत, अशी शिफारस आहे. शिफारशीची वरची मर्यादा १२ व्होल्ट असून तिचे कारण नियामकाचे तापणे हे आहे. डायोड केवळ गोल खाचेच्या मार्गावर असल्याने तेथे उलटी जोडणी झाल्यास संरक्षण मिळते. ‘व्हीआयएन’ पिनवर ते मिळत नाही. ‘५व्ही’ असे लिहिलेल्या पिनवर बाहेरून वीज दिल्यास ती नियामकाला वगळून थेट चिपपर्यंत जाते. तेथे ९ किंवा १२ व्होल्ट जोडल्यास बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

यूएसबी मार्गावर उनोमध्ये ५०० मिलीअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. प्रवाह वाढला की तो तापून त्याचा रोध वाढतो आणि थंड झाल्यावर पुन्हा कमी होतो. ‘थोडा वेळ चालतो, मग बंद पडतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा चालतो’ या तक्रारीमागे अनेकदा हाच फ्यूज असतो.

ईएसपी३२ ही चिप ३.० ते ३.६ व्होल्टवर चालते. तिच्या सामान्य विकास-बोर्डांवर यूएसबीचे ५ व्होल्ट ३.३ व्होल्टपर्यंत उतरवणारा रेषीय नियामक असतो. पिकोवर मात्र दाब गरजेनुसार कमी किंवा अधिक करणारा स्विचिंग नियामक असून तो १.८ ते ५.५ व्होल्टच्या आदानावर ३.३ व्होल्ट देऊ शकतो. म्हणून दोन एए घटांवर पिको चालतो, तर रेषीय नियामकाचा बोर्ड त्याच घटांवर नियामकामार्गे सुरूही होत नाही.

महत्त्वाच्या मर्यादा

दोषनिदानात पुढील आकडे वारंवार उपयोगी पडतात.

• यूएसबी २.० च्या संगणकीय पोर्टमधून मान्य प्रवाह : ५०० मिलीअँपिअर.
• उनोवरील एटीमेगा३२८पी चिपच्या एका पिनमधून घ्यावयाचा प्रवाह : २० मिलीअँपिअर. ४० मिलीअँपिअर ही हानीची सीमा आहे, नेहमीच्या वापराची नव्हे.
• याच चिपच्या वीज व ग्राउंड पिनांतून जाणाऱ्या एकूण प्रवाहाची कमाल मर्यादा : २०० मिलीअँपिअर.
• उनोच्या ३.३ व्होल्ट पिनवरून घ्यावयाचा प्रवाह : ५० मिलीअँपिअर.
• एटीमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्‌झ वेगाने चालवण्यासाठी आवश्यक किमान दाब : सुमारे ३.८ व्होल्ट.
• वाय-फायवरून संदेश पाठवताना ईएसपी३२ चा प्रवाह : सुमारे २४० मिलीअँपिअर. तिच्या पुरवठ्याची क्षमता किमान ५०० मिलीअँपिअर असावी, अशी उत्पादकाची शिफारस आहे.

लक्षणे

वीजपुरवठ्याच्या दोषाची लक्षणे प्रोग्रामच्या चुकीसारखीच भासतात. तरी काही खुणांवरून फरक करता येतो.

• मोटर, रिले किंवा दिव्यांची पट्टी सुरू होताच बोर्ड नव्याने सुरू होणे.
• ईएसपी३२ वाय-फायला जोडली जाण्याच्या क्षणी बंद पडणे आणि सिरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ कार्यान्वित झाल्याचा संदेश येणे.
• संगणकाला जोडल्यावर व्यवस्थित चालणारा बोर्ड ॲडॉप्टरवर किंवा बॅटरीवर न चालणे.
• पडद्यावरील अक्षरे अंधूक होणे किंवा विस्कटणे.
• संवेदकांची मापे भार सुरू असताना एक आणि बंद असताना वेगळी येणे.
• नियामकाला बोट लावता न येण्याइतका तो तापणे.
• पॉवर बँकेवर काही सेकंद चालून वीज बंद होणे.

प्रोग्राममधील चूक साधारणतः प्रत्येक वेळी त्याच सूचनेपाशी प्रकट होते. पुरवठ्याचा दोष भार, केबल, तापमान आणि बॅटरीची स्थिती यांनुसार बदलत राहतो. केवळ केबल बदलल्याने वर्तन बदलत असेल, तर दोष प्रोग्राममध्ये असण्याची शक्यता फार कमी उरते.

निदानाची पद्धत

वीज न जोडता तपासणी

प्रथम सर्व वीज काढून जोडणी डोळ्यांनी तपासावी. उलटे लागलेले घटक, एकमेकांना टेकलेल्या तारा, सोल्डरचे अनवधानाने झालेले पूल आणि करपल्याच्या खुणा पाहाव्यात. नंतर मल्टिमीटर रोध मोजण्याच्या स्थितीत ठेवून वीज-पिन व ग्राउंड यांमधील रोध पाहावा. तो एक-दोन ओहमच असेल तर शॉर्ट सर्किट आहे असे समजावे व वीज जोडू नये. रोधाचा आकडा हळूहळू वाढत जात असेल तर बोर्डावरील कपॅसिटर मीटरच्या विजेने भारित होत आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो. तो दोष नव्हे.

लांब ब्रेडबोर्ड वापरताना एक गोष्ट सहज निसटते. त्याच्या कडेने धावणाऱ्या लाल-निळ्या वीज-पट्ट्या काही ब्रेडबोर्डांत मध्यभागी तुटक असतात. डाव्या अर्ध्या भागात वीज असली तरी उजव्या भागात ती नसते. अशा ठिकाणी दोन्ही भाग तारेने जोडावे लागतात.

विद्युतदाबाचे मापन

वीज जोडल्यावर मल्टिमीटर एकदिश दाबाच्या स्थितीत ठेवून उगमापासून चिपपर्यंत टप्प्याटप्प्याने दाब मोजावा : ॲडॉप्टरच्या टोकाशी, बोर्डाच्या आदानापाशी, नियामकाच्या प्रदानावर आणि शेवटी चिपच्या किंवा संवेदकाच्या पिनवर. ज्या दोन टप्प्यांमध्ये दाब अनपेक्षितपणे घसरतो, त्यांच्या मध्ये दोष असतो. हे मापन भार चालू असतानाच करावे. भार नसताना कमजोर ॲडॉप्टरही योग्य दाब दाखवतो.

आर्डुइनो नॅनोच्या मूळ रचनेत यूएसबी मार्गावर एक शॉटकी डायोड आहे. त्यामुळे यूएसबीवर चालणाऱ्या नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवर ४.६ ते ४.७ व्होल्ट मिळणे स्वाभाविक आहे. प्रवाह मोजताना मल्टिमीटर मालिकेत जोडावा लागतो. प्रवाहाच्या खाचेत तार तशीच ठेवून नंतर दाब मोजायला गेल्यास मीटरमधूनच शॉर्ट सर्किट होते. ही नवशिक्यांकडून होणारी सामान्य चूक आहे.

भार वेगळा करणे

दोष कोणत्या भागामुळे येतो हे कळत नसेल, तर सर्व बाह्य घटक काढून फक्त बोर्ड आणि एक दिवा लुकलुकवणारा छोटा प्रोग्राम चालवावा. तो स्थिर चालल्यास घटक एकेक करून पुन्हा जोडावेत आणि प्रत्येक वेळी दाब मोजावा. एका वेळी एकच बदल करणे हे या पद्धतीचे मर्म आहे. केबल, ॲडॉप्टर आणि प्रोग्राम एकदम बदलल्यास बोर्ड चालू लागेलही, पण दोष कोठे होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवतो.

क्षणिक घसरण

साधा मल्टिमीटर एका सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो. काही मिलीसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही, पण बोर्ड बंद पाडण्यास ती पुरेशी असते. मीटर ५ व्होल्ट दाखवत असूनही बोर्ड पुन्हा सुरू होतो, याचा उलगडा येथे होतो. ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास तो उतरत्या कडेवर, अपेक्षित दाबापेक्षा थोड्या खालच्या पातळीवर लावून भार सुरू करावा. ऑसिलोस्कोप नसेल तर वीज व ग्राउंड यांमध्ये ४७० ते १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डाजवळ जोडून पाहावा. त्याने लक्षण नाहीसे झाले किंवा सौम्य झाले, तर घसरण क्षणिक असल्याचे अनुमान करता येते.

बोर्डाकडून मिळणारी माहिती

चिप स्वतःही निदानास मदत करते. एटीमेगा३२८पी मध्ये शेवटचा पुनरारंभ कशामुळे झाला, याची नोंद एका रजिस्टरमध्ये राहते. वीज नव्याने आली, रिसेटचे बटण दाबले गेले, दाब घसरला की वॉचडॉगने हस्तक्षेप केला, असे चार प्रकार त्यातून वेगळे ओळखता येतात. मात्र काही बूटलोडर ही नोंद प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच पुसतात. ईएसपी३२ मध्येही पुनरारंभाचे कारण प्रोग्राममधून विचारता येते.

याच एटीमेगा चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भदाब असतो. पुरवठ्याचा दाब मोजपट्टी मानून हा संदर्भदाब मोजला, तर उलट गणिताने पुरवठ्याचा दाब मिळतो : पुरवठ्याचा दाब = १.१ × १०२४ ÷ मिळालेला आकडा. आकडा २२५ आला तर दाब सुमारे ५.० व्होल्ट आणि २५६ आला तर ४.४ व्होल्ट असतो. संदर्भदाब प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान थोडा वेगळा असल्याने आधी मल्टिमीटरशी एकदा ताळा करून घ्यावा. अशा रीतीने बोर्ड स्वतःच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवू शकतो आणि घसरणीची नोंदही करू शकतो.

दोषांची प्रमुख कारणे

केबल आणि तारा

बारीक तारेतील रोध हे सर्वाधिक दुर्लक्षित कारण आहे. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून १ मीटर केबलचा रोध सुमारे ०.४२ ओहम धरावा लागतो. ५०० मिलीअँपिअर प्रवाहाला त्यावर ०.२१ व्होल्ट घटतात. २ मीटर केबलवर ही घट ०.४ व्होल्टपेक्षा अधिक होते. जोडटोकांचा रोध त्यात मिळवला, की ५ व्होल्टचे बोर्डापाशी सुमारे साडेचार व्होल्टच उरतात. २४ गेजच्या तारेचा रोध याच्या सुमारे दोन-पंचमांश असतो. म्हणून केबल आखूड व जाड असावी. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या काही केबलींत माहितीच्या तारा नसतात. त्यांवर बोर्डाचा दिवा लागतो, परंतु संगणकाला बोर्ड दिसत नाही.

यूएसबी-सी खाच असलेल्या काही स्वस्त बोर्डांवर प्रमाणानुसार आवश्यक असलेले ५.१ किलोओहमचे दोन रोधक बसवलेले नसतात. दोन्ही टोकांना सी-जोड असलेल्या केबलने असा बोर्ड चार्जरला जोडल्यास चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला जुना रुंद ए-जोड असलेली केबल वापरल्यास तोच बोर्ड चालतो.

ॲडॉप्टर

ॲडॉप्टरवर छापलेला प्रवाह ही त्याची क्षमता असते. तेवढा प्रवाह तो बोर्डावर लादत नाही. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॉप्टर १०० मिलीअँपिअर घेणाऱ्या बोर्डाला अपायकारक नसतो. जुन्या, ट्रान्सफॉर्मरच्या अनियंत्रित ॲडॉप्टरचा दाब मात्र भार नसताना छापलेल्या आकड्यापेक्षा बराच अधिक असू शकतो. म्हणून अनोळखी ॲडॉप्टर वापरण्यापूर्वी त्याचा दाब आणि ध्रुवता मोजणे आवश्यक असते. उनोसाठी गोल जोडाचा मधला भाग धन असावा लागतो. भारतात विद्युत ॲडॉप्टरांसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. खरेदी करताना हे चिन्ह पाहावे.

दाबनियामकाचे अतितापन

रेषीय नियामक अतिरिक्त दाबाचे उष्णतेत रूपांतर करतो. ही उष्णता दाबातील फरक आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी असते. राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर उनोला लावून २०० मिलीअँपिअर घेतल्यास डायोडवरील अल्प घट वगळता सुमारे (१२ − ५) × ०.२ = १.४ वॉट उष्णता त्या लहानशा चिपमध्ये निर्माण होते. बोर्डावर बसवलेल्या नियामकाचा उष्णतारोध दर वॉटला ६० अंश सेल्सिअस मानला, तर त्याचे तापमान परिसरापेक्षा ८४ अंशांनी वाढते. हिवाळ्यात, २५ अंशांच्या खोलीत ते १०९ अंश होईल. मे महिन्यातील ४५ अंशांत १२९ अंश होईल. प्रवाह ३०० मिलीअँपिअर झाल्यास उष्णता २.१ वॉट आणि वाढ १२६ अंश होते. तोच बोर्ड हिवाळ्यात १५१ अंशांवर कसाबसा तग धरेल आणि उन्हाळ्यात १७१ अंशांवर जाऊन त्याचा उष्णतारक्षक खंडक पुरवठा तोडेल.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. उन्हात ठेवलेल्या बंद पेटीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापते. जानेवारीत प्रयोगशाळेत व्यवस्थित चाललेला प्रकल्प मे महिन्यात गच्चीवर दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतो, याचे कारण बहुधा हेच असते. यावर उपाय म्हणजे आदानदाब ७ ते ९ व्होल्टपर्यंत कमी ठेवणे, किंवा दाब उतरवणारा स्विचिंग परिवर्तक वापरून बोर्डाला थेट ५ व्होल्ट देणे. २०२३ साली आलेल्या उनो आर४ मालिकेत रेषीय नियामकाऐवजी स्विचिंग परिवर्तक वापरला आहे, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे.

मोटर, रिले आणि दिव्यांच्या पट्ट्या

बोर्डाच्या पिना संकेत देण्यासाठी असतात, यंत्रे चालवण्यासाठी नव्हे. लहान सर्वोमोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर काही शे मिलीअँपिअर प्रवाह ओढते. प्रचलित ५ व्होल्ट रिलेच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ७० ओहम असल्याने एका रिलेला ७१ मिलीअँपिअर लागतात. आठ रिले एकाच वेळी ओढल्यास हा प्रवाह ५७० मिलीअँपिअरपर्यंत जातो. रंगीत दिव्यांच्या पट्टीतील एक दिवा पूर्ण पांढऱ्या प्रकाशात सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो, म्हणजे ६० दिव्यांना ३.६ अँपिअर लागतात. असे भार स्वतंत्र पुरवठ्यावर चालवावेत आणि दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र जोडावे. ग्राउंड जोडले नाही तर संकेताला परतीचा मार्ग मिळत नाही आणि मोटर अनियंत्रितपणे थरथरते.

वेटोळे असलेला भार बंद होताना त्यातून उलट दिशेने उच्च दाबाचा झटका येतो. तो शोषण्यासाठी वेटोळ्याला समांतर, उलट्या दिशेने डायोड जोडावा लागतो. तयार रिले मॉड्यूलवर तो सहसा असतो. सुटा रिले वापरताना तो स्वतः लावावा लागतो. ब्रशच्या मोटरीतील ठिणग्यांचा उपद्रव कमी करण्यासाठी तिच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवतात.

मोबाइल जाळ्याची मॉड्यूल

सिम८००एल सारखे मॉड्यूल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालते आणि संदेश पाठवताना २ अँपिअरपर्यंतचे झटके घेते. प्रत्येक झटका सुमारे ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो आणि तो दर ४.६ मिलीसेकंदांनी येतो. उगम १ अँपिअरच देऊ शकत असेल, तर उरलेला १ अँपिअर कपॅसिटरला पुरवावा लागतो. १,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर त्यामुळे सुमारे ०.५८ व्होल्ट घसरण होते. दाब आधीच ३.८ व्होल्ट असल्यास तो ३.२ व्होल्टवर येतो आणि मॉड्यूल जाळ्यात नोंदले जाताना पुन्हापुन्हा बंद पडते. अशा वेळी ‘सिम चालत नाही’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

बॅटरी आणि पॉवर बँक

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी धूर-संसूचकासारख्या अल्प भारासाठी योग्य असते. तिचा अंतर्गत रोध अधिक असल्याने सर्वोमोटरसारख्या भारावर तिचा दाब कोसळतो. लिथियम घटाचा दाब पूर्ण भारित असताना ४.२ आणि रिकामा होत आला की ३ व्होल्टच्या आसपास असतो. १ व्होल्टहून अधिक फरक मागणाऱ्या नियामकातून अशा एका घटावर ३.३ व्होल्ट मिळत नाहीत. त्यासाठी अल्प फरकावर चालणारा नियामक लागतो. पॉवर बँक कमी प्रवाह जाणवल्यास मोबाइल पूर्ण भारित झाला असे समजून वीज तोडते. त्यामुळे निद्रावस्थेत जाणारे बोर्ड तिच्यावर टिकत नाहीत.

चोरवाटेने येणारी वीज

काही वेळा मुख्य वीज काढल्यावरही बोर्डाचा दिवा मंद पेटलेला राहतो. दुसऱ्या, चालू असलेल्या मॉड्यूलची संकेतवाहिनी चिपच्या पिनेतील संरक्षक डायोडमार्गे चिपला वीज पुरवत असते. अशा अर्धवट विजेवर चिप अनिश्चित अवस्थेत अडकते आणि पिनेची हानीही होऊ शकते. जोडलेल्या सर्व मॉड्यूलांची वीज एकाच वेळी सुरू व बंद करणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

चुकीची मापे

वीजपुरवठ्याचा दोष बोर्ड बंद पाडतो तेव्हा तो निदान लक्षात तरी येतो. बोर्ड चालू राहून चुकीचे आकडे देतो, तेव्हा तो अधिक फसवा ठरतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील दोन स्वयंचलित हवामान केंद्रांवर ५६ आणि ५४ अंश सेल्सिअस अशी असाधारण नोंद झाली होती. परिसरातील अन्य केंद्रांवर तेव्हा सुमारे ४४ अंश तापमान होते, आणि हवामान विभागाने या नोंदी संवेदकांच्या सदोष कार्यामुळे आल्याची शक्यता वर्तवली. अनेक केंद्रांची तुलना शक्य असल्यानेच ही विसंगती लगेच उघड झाली. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात सहसा एकच संवेदक असतो.

हौशी बोर्डावर असा फरक केवळ घसरलेल्या पुरवठ्यानेही पडू शकतो. एलएम३५ हा संवेदक दर अंशाला १० मिलीव्होल्ट देतो. ४० अंशांना ४०० मिलीव्होल्ट. उनो हा दाब स्वतःच्या पुरवठ्याशी तुलना करून मोजतो, आणि प्रोग्राममध्ये पुरवठा ५ व्होल्ट गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात तो ४.५ व्होल्ट असेल तर आकडा सुमारे ९१ येतो आणि प्रोग्राम त्याचे ४४.४ अंश असे भाषांतर करतो. संवेदक आणि प्रोग्राम दोन्ही निर्दोष असूनही माप ४.४ अंशांनी चुकते. अशा मापनात पुरवठ्याऐवजी अंतर्गत संदर्भदाब वापरणे किंवा पुरवठ्याचा दाब प्रत्येक वेळी मोजून दुरुस्ती करणे इष्ट असते.

उदाहरण : बागेतील सिंचन-नियंत्रक

नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड हा भाग संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. अशा बागेसाठी मातीतील ओलावा पाहून दोन झडपा उघडणारा नियंत्रक बनवायचा आहे, असे समजू. त्यात ईएसपी३२, दोन रिले, ओलाव्याचे तीन संवेदक आणि एक छोटा पडदा आहे. ईएसपी३२ साठी ५००, दोन रिलेंसाठी त्यांच्या दर्शक दिव्यांसह १५०, संवेदकांसाठी १५ आणि पडद्यासाठी २० मिलीअँपिअर धरल्यास बेरीज ६८५ मिलीअँपिअर होते. दीडपट क्षमता राखायची तर सुमारे १ अँपिअर लागतो. म्हणून ५ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॉप्टर निवडणे योग्य ठरते.

हाच नियंत्रक घरी संगणकाच्या यूएसबी पोर्टवर, एकच रिले जोडून तपासला असता निर्दोष चालतो. बागेत दोन्ही रिले ओढलेले असतानाच वाय-फायचा संदेश जातो, केबल लांब असते आणि पेटी तापलेली असते. हे सर्व एकाच क्षणी घडल्यावर दाब घसरतो, बोर्ड नव्याने सुरू होतो आणि झडप अर्धवट वेळेत बंद होते. म्हणून चाचणी नेहमी सर्व भार एकदम चालू ठेवून, प्रत्यक्ष वापराच्या केबलवर आणि शक्य तितक्या प्रत्यक्ष तापमानात करावी.

प्रतिबंध आणि सुरक्षितता

प्रत्येक चिपच्या वीज-पिनेलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवणे, मोठ्या भारांसाठी स्वतंत्र मार्ग काढणे, प्रकल्प सुरू करण्यापूर्वी प्रवाहाची बेरीज करणे आणि कायमस्वरूपी वापरासाठी ब्रेडबोर्डऐवजी सोल्डर केलेली जोडणी वापरणे, या सवयींमुळे बहुतेक दोष टळतात.

दाब घसरल्यावर चिप थांबवणारी यंत्रणा प्रोग्राममधून बंद करण्याचा मार्ग काही जण अवलंबतात. त्यामुळे संदेश येणे थांबते, पण दोष तसाच राहतो. अपुऱ्या दाबावर चालणारी चिप चुकीच्या सूचना अमलात आणू शकते आणि साठवलेली माहिती बिघडू शकते. उनोमध्ये या यंत्रणेची पातळी मुळातच २.७ व्होल्टवर ठेवलेली असल्याने ३.८ ते २.७ व्होल्ट हा पट्टा कोणत्याही इशाऱ्याविना धोक्याचा राहतो.

घरगुती २३० व्होल्ट वीज प्राणघातक असते. रिलेमार्गे ती हाताळताना जोडणी बंद पेटीत असावी, योग्य फ्यूज असावा आणि दुरुस्तीपूर्वी प्लग काढलेला असावा. विद्यार्थ्यांनी हे काम जाणकारांच्या देखरेखीखालीच करावे. ॲडॉप्टर उघडून दुरुस्त करू नये, कारण त्यातील उच्चदाबाचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो. लिथियम घट संरक्षक मंडलाशिवाय वापरू नयेत. फुगलेला, दबलेला किंवा उन्हात तापलेला घट भारित करणे टाळावे.

सामान्य गैरसमज

• ‘दिवा लागला म्हणजे वीज पुरेशी आहे.’ दर्शक दिवा ५ व्होल्टपेक्षा बऱ्याच कमी दाबावरही पेटतो.
• ‘जास्त अँपिअरच्या ॲडॉप्टरने बोर्ड जळतो.’ बोर्ड जळतो तो अधिक व्होल्टने किंवा उलट जोडणीने.
• ‘मीटरवर ५ व्होल्ट आहेत, म्हणून पुरवठा ठीक आहे.’ मीटर सरासरी दाखवतो. क्षणिक घसरण दाखवत नाही.
• ‘मोठा कपॅसिटर लावला की सर्व दोष जातात.’ कपॅसिटर काही मिलीसेकंदांची तूट भरून काढतो. सततची तूट भरून काढू शकत नाही.

हे सुद्धा पहा

• आर्डुइनो
• मायक्रोकंट्रोलर
• ओहमचा नियम
• मल्टिमीटर
• कपॅसिटर
• यूएसबी